कर कोण भरतो? अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांचा आयुष्यभराचा प्रश्न

कोणत्याही दुकानातून पक्के बिल घ्या. त्याच्या तळाशी दोन ओळी दिसतील, एक सीजीएसटी आणि दुसरी एसजीएसटी. पहिला वाटा केंद्राचा, दुसरा राज्याचा. आपण एकूण रक्कम पाहतो, पैसे देतो आणि बिल खिशात कोंबतो. हा पैसा कोणी ठरवला, कोणत्या कायद्याने घेतला, कोणाच्या तिजोरीत गेला आणि परत कोणाकडे येणार, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

ही सवय असलेला एक विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात बसून ईस्ट इंडिया कंपनीचे हिशेब तपासत होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्या मोबाईलवर संदेश फिरतात. जीएसटी ही बाबासाहेबांचीच कल्पना होती, असाही दावा त्यात असतो. कार्यकर्त्यांनी असे संदेश पुढे पाठवण्याआधी थांबले पाहिजे. जीएसटी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर साठ वर्षांनी आला आणि त्याचा आराखडा त्यांनी केलेला नाही. मात्र जीएसटीवर आज जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न बाबासाहेबांनी विद्यार्थी म्हणून अभ्यासले, आमदार म्हणून सभागृहात मांडले आणि संविधानाचे शिल्पकार म्हणून कलमांत बांधले. खोट्या श्रेयाची त्यांना गरज नाही. खरे काम एवढे मोठे आहे की ते नीट समजून घ्यायलाच आपल्याला वेळ काढावा लागेल.

कोलंबियातला विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, सातारा आणि मुंबईत शालेय शिक्षण, एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. हा प्रवास आपल्याला पाठ आहे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे अनेक विषय घेतले, पण मुख्य विषय अर्थशास्त्र होता.

तिथे त्यांना प्राध्यापक एडविन सेलिग्मन भेटले. सार्वजनिक वित्तव्यवस्था, म्हणजे सरकारचे उत्पन्न आणि खर्च, या शास्त्रातले ते जगभर मान्यता असलेले अभ्यासक होते. कराचा भार एकाकडून दुसऱ्याकडे कसा सरकतो, यावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध होता. सरकार ज्याच्याकडून कर वसूल करते तो माणूस आणि ज्याच्या खिशातून तो शेवटी जातो तो माणूस वेगवेगळे असू शकतात. दुकानदार कर भरतो, पण तो किमतीत मिळवून गिऱ्हाइकाकडून काढून घेतो. जमीनदार कर भरतो, पण तो कुळाकडून वसूल करतो. त्यामुळे कर कोणावर लावला एवढे पाहून भागत नाही, तो शेवटी कोणावर पडला हे शोधावे लागते.

गावकुसाबाहेरच्या घरात जन्मलेल्या विद्यार्थ्याला हे नवे नव्हते. गावाचा भार कोणाच्या अंगावर येऊन थांबतो, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. कोलंबियाने त्या अनुभवाला शास्त्राची भाषा दिली.

कंपनीचे नाके आणि मोहतर्फा

१९१५ साली एम.ए.साठी बाबासाहेबांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावर प्रबंध लिहिला. कंपनी भारतातून पैसा कसा उभा करत होती, याचा हा ताळेबंद होता.

त्या काळी सर्वात मोठे उत्पन्न जमीन महसुलाचे. त्याच्या जोडीला अफू, मीठ, अबकारी आणि जकाती. मालाने एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे म्हटले तरी वाटेत नाके होते आणि तिथे जकात द्यावी लागे. परदेशातून येणाऱ्या मालावरची जकात वेगळी. देशातल्या देशात माल फिरताना बसणारा हा दंड विणकर, कारागीर आणि छोट्या व्यापाऱ्याला सोसावा लागे. काही भागांत मोहतर्फा नावाचा कर होता. विणकर, सुतार, धातूकाम करणारे, रस्त्याकडेला बसून किरकोळ विक्री करणारे, सगळ्यांवर तो लागे. माणूस कमावतो किती, हे न पाहता त्याच्या धंद्यावर कर.

या प्रबंधात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट दाखवली. १८५८ साली कंपनीचे राज्य संपले, पण तिचे कर्ज मात्र भारतीय जनतेच्या माथी मारले गेले. ज्यांच्यावर राज्य केले त्यांनीच ते राज्य मिळवण्याचा खर्चही फेडायचा, असा हा व्यवहार होता. तेव्हा बाबासाहेबांचे वय होते २४.

आता मुंबई आठवा. मुलुंड, दहिसर, मानखुर्द इथल्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकात इतिहासजमा झाली. देशभर एक बाजारपेठ असावी आणि माल प्रत्येक वेशीवर अडू नये, हा जीएसटीचा मोठा हेतू सांगितला जातो. अंतर्गत जकातीने व्यापार आणि उद्योग कसे खुंटतात, हे बाबासाहेबांच्या सुरुवातीच्या लेखनात शंभर वर्षांपूर्वीच आले आहे.

प्रांतांच्या तिजोऱ्या

पुढचा अभ्यास ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा. हा ग्रंथ १९२५ साली लंडनमधून प्रसिद्ध झाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावे. याच कामावर कोलंबियाने १९२७ साली त्यांना पीएच.डी. दिली.

ग्रंथाचा विषय कोरडा वाटतो, पण प्रश्न आजचाच आहे. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटायचा? १८३३ च्या कायद्याने सगळी सत्ता आणि सगळी तिजोरी केंद्राकडे गेली. प्रांतांनी फक्त खर्च करायचा आणि प्रत्येक रुपयासाठी कलकत्त्याकडे मागणी करायची. जो जास्त ओरडेल त्याला जास्त मिळे. वाचवलेला पैसा आपला राहणार नाही, हे माहीत असल्यामुळे कोणी काटकसरही करत नसे.

१८७१ पासून व्यवस्था बदलत गेली. बाबासाहेबांनी तिचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात केंद्राने प्रांतांना ठरावीक रक्कम नेमून दिली आणि तुरुंग, पोलीस, शिक्षण, आरोग्य अशी खाती सोपवली. १८७७ पासून रकमेबरोबर उत्पन्नाची काही साधनेही दिली. १८८२ पासून काही करांचे उत्पन्न दोघांत वाटून घेण्याची पद्धत आली. हे सगळे तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की प्रांतांना मिळालेले स्वातंत्र्य कागदावरचे आहे. कायदा करण्याचा आणि कर लावण्याचा अधिकार वरच राहिला, तर खालचे अंदाजपत्रक एखाद्या खात्याच्या हिशेबवहीपेक्षा जास्त काही नसते. पैसा खर्च करणारा लोकांना जबाबदार असला पाहिजे, नाहीतर वित्तव्यवस्था कितीही सुधारली तरी लोकांचे भले होत नाही.

हे वाचताना आजची महापालिका डोळ्यांसमोर येते. जकात गेली, तेव्हा मुंबई महापालिकेचे हक्काचे उत्पन्न गेले आणि त्याऐवजी राज्य सरकारकडून नुकसानभरपाई येऊ लागली. राज्यांच्याही हातून विक्रीवरील कराचा स्वतंत्र अधिकार बऱ्याच अंशी गेला आणि पाच वर्षे त्यांना केंद्राकडून भरपाई मिळाली. आपल्या हाताने कर लावणे आणि वरून येणाऱ्या रकमेची वाट पाहणे यांत काय फरक आहे, हे समजून घ्यायचे तर १९२५ चा हा ग्रंथ अजून उपयोगी आहे.

बडोदा, परळ, लंडन

हा अभ्यास सुखात झालेला नाही. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे १९१७ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बडोद्याला नोकरीसाठी आले. पुढे त्यांना अर्थखात्याची जबाबदारी द्यावी, असा महाराजांचा विचार होता. पण तिथे शिपायांनी त्यांच्याकडे लांबून फायली फेकल्या आणि राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेल्यावर या उच्चशिक्षित अर्थशास्त्रज्ञाला शहर सोडावे लागले. त्याच सुमारास त्यांची पुस्तके घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले.

मुंबईत ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. परळच्या चाळीत राहून पैसे साठवले. माता रमाईंनी तुटपुंज्या पैशात घर चालवले. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. डी.एस्सी.चा प्रबंध म्हणजे रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ.

तो चलनाविषयी आहे, तरी करांच्या चर्चेत त्याचे स्थान आहे. सरकारला हवे तेवढे चलन काढता आले तर भाव चढतात. भाव चढतात तेव्हा मजुरी त्याच वेगाने वाढत नाही. म्हणजे मजुराच्या हातात रक्कम तीच राहते, पण त्यात येणारे धान्य कमी होते. हा नुकसानीचा पैसा हवेत विरत नाही, तो दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो. कोणत्याही विधिमंडळात मंजूर न झालेला, कोणत्याही बिलावर न छापलेला हा एक करच म्हणावा लागेल. म्हणून चलन काढण्याच्या सरकारच्या मर्जीला लगाम असावा, असे बाबासाहेबांचे मत होते. डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली.

१९२७ : अंदाजपत्रक आणि चवदार तळे

बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाल्यावर २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर बोलले. त्यांनी जमीन महसुलावर बोट ठेवले. प्राप्तिकर एका ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, गरिबाला त्यातून सूट असते आणि उत्पन्न वाढेल तसा दर वाढतो. जमीन महसुलाला मात्र अशी दया नाही. एक एकरवाला शेतकरी आणि शंभर एकरवाला जमीनदार, दोघांना तोच दर. पीक बुडाले तरी महसूल द्यायचा. ही पद्धत अन्यायाची आहे, असे त्यांनी सभागृहाला सांगितले.

१२ मार्चला ते शिक्षणाच्या तरतुदीवर बोलले. सरकारला दारूवरच्या अबकारीतून भरघोस उत्पन्न मिळत होते आणि ती दारू पिणारा बहुतेक गरीब माणूस होता. अबकारीच्या रूपाने लोकांकडून जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. कर घेणे आणि तो कोणासाठी खर्च करणे, हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे केले नाहीत.

त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. आपण महाडचा दिवस साजरा करतो आणि आधीच्या दोन भाषणांचा उल्लेखही करत नाही. वास्तविक लढा एकच होता. सार्वजनिक तळे सार्वजनिक पैशातून चालते, आणि त्या पैशात अस्पृश्यांनी भरलेल्या करांचाही वाटा असतो. जो कर भरतो त्याला पाणी का नाही, हा प्रश्न तळ्याच्या काठावरही होता आणि सभागृहातही.

१९२८ साली त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. वतनदार महाराने सरकारचे काम रात्रंदिवस करायचे, त्याचा मोबदला मात्र गावाने बलुत्याच्या रूपात द्यायचा, आणि त्याच्या इनाम जमिनीवर सरकारने जुडी वसूल करायची. श्रमाच्या रूपाने घेतलेला कर कोणत्याही खात्यावर जमा दिसत नाही, म्हणून तो सर्वात क्रूर असतो. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आणला. खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला वसुलीदार. तो सरकारला ठरलेली रक्कम देई आणि कुळाकडून त्याहून कितीतरी जास्त काढी. सेलिग्मन यांनी पुस्तकात शिकवलेले भाराचे सरकणे रत्नागिरी आणि कुलाब्याच्या शेतात असे उघड दिसत होते.

विक्रीकर येतो

जीएसटीचा खरा पूर्वज विक्रीकर. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मालाच्या विक्रीवर कर लावण्याचा अधिकार प्रांतांना दिला. १९३८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने पेट्रोलच्या विक्रीवर कर लावला तेव्हा लगेच वाद झाला. हा विक्रीकर आहे की केंद्राच्या अधिकारातले उत्पादन शुल्क? फेडरल कोर्टाने प्रांताच्या बाजूने मत दिले. १९३९ साली मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीमुळे बुडणारे अबकारीचे उत्पन्न भरून काढायचे होते.

मुंबईतही दारूबंदी आणि तिच्यासाठीचे नवे कर यावर वाद रंगला. विरोधी बाकांवरून बाबासाहेबांनी अंदाजपत्रकांची चिरफाड केली. प्रांताच्या तुटपुंज्या उत्पन्नात शिक्षण, आरोग्य यांच्या आधी दारूबंदीला प्राधान्य का, हा त्यांचा सवाल होता. नैतिक सुधारणा चांगली की वाईट एवढ्यावर ते थांबले नाहीत. तिचा खर्च कोणाच्या वाट्याचा पैसा वळवून केला जातो, ते त्यांनी विचारले.

संविधानातली कलमे

ऑगस्ट १९४७ मध्ये बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आता प्रश्न स्वतंत्र भारताच्या तिजोरीचा होता. आज कलम २६५ सांगते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. वेठबिगारी, खोती आणि मनमानी पट्ट्या भोगलेल्या समाजासाठी हे एका ओळीचे कलम किती मोठे आहे, ते वेगळे सांगायला नको. कलम २८० ने वित्त आयोग दिला. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा दिल्लीच्या लहरीवर न राहता एका आयोगाच्या शिफारशीतून ठरावा, अशी ही रचना.

विक्रीकराचे कलम ऑक्टोबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडले. तेच कलम २८६. प्रांतांना विक्रीकर हवा होता, कारण त्यांचे तेच मोठे साधन होते. पण प्रत्येक प्रांत दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्या मालावरही कर लावू लागला, तर देशात पुन्हा कंपनीच्या काळासारखे नाके उभे राहिले असते. बाबासाहेबांनी मधला मार्ग काढला. कर राज्यांचाच राहील, पण चार मर्यादांसह. राज्याबाहेरच्या विक्रीवर कर नाही. आयात-निर्यातीवर नाही. संसदेने वेगळी तरतूद केल्याशिवाय आंतरराज्य व्यापारावर नाही. आणि समाजाच्या जीवनासाठी आवश्यक म्हणून संसदेने जाहीर केलेल्या वस्तूंवर राज्याने कर लावला, तर राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय तो कायदा चालणार नाही.

ही चौथी मर्यादा नीट पाहा. श्रीमंत आणि गरीब दोघेही धान्य खातात. पण गरिबाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा पोटावर जातो, श्रीमंताचा थोडा. म्हणून धान्यावर कर लावला तर गरिबाच्या कमाईतला जास्त भाग जातो. दर दोघांना सारखा, भार मात्र असमान. पोटाला लागणाऱ्या वस्तू राज्याच्या कर लावण्याच्या अधिकाराला मोकळ्या सोडू नयेत, ही काळजी मूळ संविधानातच होती.

त्याच कलमात आणखी एक स्पष्टीकरण होते. माल जिथे वापरासाठी पोहोचवला जातो, विक्री त्या राज्यात झाली असे मानावे. म्हणजे कर वापरणाऱ्याच्या राज्याला मिळावा. या शब्दांवरून पुढे बरीच न्यायालयीन लढाई झाली. सप्टेंबर १९५६ मधल्या सहाव्या घटनादुरुस्तीने हे स्पष्टीकरण काढून टाकले गेले. आवश्यक वस्तूंची तरतूदही तेव्हाच गेली आणि तिच्या जागी विशेष महत्त्वाच्या वस्तूंची वेगळी तरतूद आली. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला केंद्रीय विक्रीकर कायदा झाला आणि आंतरराज्य विक्रीवरचा कर माल पाठवणाऱ्या राज्याकडे जाऊ लागला. ६१ वर्षांनी जीएसटीने हा क्रम पुन्हा उलटवला. आज माल किंवा सेवा जिथे वापरली जाते त्या राज्याला कर मिळतो.

जीएसटी कसा चालतो आणि कुठे टोचतो

मूळ विभागणीत मालाच्या उत्पादनावरचे शुल्क केंद्राकडे आणि विक्रीवरचा कर राज्यांकडे होता. सेवांचा उल्लेख नव्हता, म्हणून १९९४ पासून केंद्राने उर्वरित अधिकारातून सेवाकर लावला. त्यामुळे करावर कर चढत गेला. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने दोघांनाही एकाच व्यवहारावर कर लावण्याचा अधिकार मिळाला आणि कलम २७९ क नुसार जीएसटी परिषद आली. तिच्यात केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीशिवाय काहीच होत नाही आणि एकट्या केंद्रालाही काही करता येत नाही. परिषदेच्या शिफारशी संसद आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला.

साधे उदाहरण घेऊ. चामडे विकणाऱ्याने २०० रुपयांचे चामडे ५ टक्के कर लावून विकले, सरकारला १० रुपये गेले. चप्पल करणाऱ्याने ती ४०० ला दुकानदाराला विकली. कर २० रुपये, पण आधी दिलेले १० वजा करून त्याने १० भरले. दुकानदाराने ती ६०० ला विकली. कर ३०, त्यातून २० वजा, भरले १०. तिघांनी मिळून ३० रुपये भरले आणि ते सगळे ३० रुपये शेवटच्या गिऱ्हाइकाने दिले. प्रत्येक टप्प्यावर आधीचा कर वजा होतो, म्हणून करावर कर चढत नाही. हे या रचनेचे बळ.

आता चप्पल करणारा कारागीर घरात बसून काम करतो आणि नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, असे समजा. त्याने कर भरायचा नाही, हे ऐकायला बरे वाटते. पण चामड्यावर दिलेले १० रुपये त्याला वजा मिळत नाहीत. त्याच्याकडून माल घेणाऱ्या दुकानदारालाही ती वजावट मिळत नाही. मग दुकानदार नोंदणीकृत कारखान्याकडे वळतो. सवलत म्हणून दिलेली गोष्ट साखळीतून बाहेर पडण्याचे कारण ठरू शकते. आपल्या समाजातले किती लघुउद्योजक या कोंडीत आहेत, हे आपल्या संघटनांनी वस्ती-वस्तीत बसून पाहिले पाहिजे.

दरांचेही तसेच. सॅनिटरी पॅडवर सुरुवातीला १२ टक्के कर होता. महिलांनी आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-पिठावर ५ टक्के कर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये दरांची संख्या कमी झाली, वह्या आणि पेन्सिली करमुक्त झाल्या. दर आकाशातून पडत नाहीत. ते माणसे ठरवतात आणि लोकांनी विचारले तर बदलतातही.

विसावा हिस्सा

धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला बाबासाहेबांनी अनुयायांना धम्मकार्यासाठी आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यायला सांगितले. प्रत्येकी अमुक रुपये अशी सरसकट वर्गणी त्यांनी मागितली नाही. ज्याचे उत्पन्न २० रुपये त्याने एक द्यावा, ज्याचे २००० त्याने १०० द्यावेत. कोलंबियापासून सुरू झालेला विचार धम्माच्या कार्यातही त्यांच्यासोबत होता. ज्याची जितकी ऐपत, तितका त्याचा भार.

तरुण मित्रांनो, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या सहाव्या खंडात कंपनीचा प्रबंध, प्रांतिक वित्तव्यवस्था आणि रुपयाचा प्रश्न एकत्र आहेत. दुसऱ्या खंडात विधिमंडळातली भाषणे आहेत. बुद्धविहारात रविवारी जमणाऱ्या अभ्यासवर्गात एखादे प्रकरण वाचायला घ्या. सोबत राज्याचे आणि आपल्या पालिकेचे अंदाजपत्रक ठेवा. अनुसूचित जातींच्या विकासासाठी तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे यांना किती, हे आकडे तिथेच सापडतात.

आपण कर भरत नाही, आपण फक्त सवलती घेतो, असे आपल्याला ऐकवले जाते. पुढच्या वेळी बिलाच्या तळाशी असलेल्या त्या दोन ओळी दाखवा. काडेपेटीपासून मोबाईल रिचार्जपर्यंत खरेदी करणारा प्रत्येक माणूस करदाता आहे. आणि करदात्याला हिशेब मागण्याचा हक्क असतो. तो मागायचा कसा, हे बाबासाहेबांनी २४ फेब्रुवारी १९२७ ला दाखवून ठेवले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!